अंगावरील डाग : भय नको, पारख हवी

घुग्घुस परिसरात कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्यात राबणाऱ्या आपल्या वस्त्यांत कुणाच्या अंगावर फिकट डाग दिसला की दोनच शब्द कानावर येतात : ‘कोड’ किंवा ‘महारोग’. एका मुलीच्या पाठीवर जन्मापासून फिकट पट्टे होते. पाहुण्यांनी ते कोड समजून ठरलेले लग्न मोडले. याउलट एका खाण कामगाराने कोपराजवळचा चट्टा शिबे समजून दोन वर्षे मलम चोळले. चट्टा बधिर होता. करंगळी वाकली तेव्हा तो दवाखान्यात गेला. पहिली चूक भीतीची, दुसरी बेफिकिरीची. मूळ मात्र एकच, अज्ञान. म्हणून विद्यार्थी व सभासदांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

त्वचेतील रंगपेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. त्यात बिघाड झाला की डाग पडतो. पण प्रत्येक डागाचे कारण वेगळे असते.

शिबे : ही बुरशी आहे. घाम येणाऱ्या छाती, पाठ व मानेवर लहान डाग येतात; खरवडल्यास बारीक कोंडा निघतो. औषधाने बुरशी मरते, रंग भरून यायला मात्र काही महिने लागतात.

कोड : शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशी नष्ट करते. डाग खडूसारखा पांढरा असतो, स्पर्श पूर्ण कळतो. कोड संसर्गजन्य नाही आणि तो कुष्ठरोगही नाही.

कुष्ठरोग : चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, खडूसारखा पांढरा नसतो. त्या जागी स्पर्श कमी कळतो, घाम येत नाही, केस विरळ होतात. याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. हा शाप नाही आणि पूर्वजन्मीचे पापही नाही.

नक्षीदार डाग : काही मुलांच्या अंगावर जन्मतः किंवा पहिल्या काही वर्षांत पट्टे, भोवरे दिसतात. पाठीच्या कण्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखे, पोटाच्या बाजूंना ‘एस’सारखे. बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ ब्लाश्को यांनी १९०१ साली या रेषांचा नकाशा मांडला. गर्भात पेशी ज्या वाटांनी पसरतात त्या या वाटा होत. एकाच शरीरात दोन प्रकारच्या पेशी असल्या की त्या वाटा रंगाने उमटतात. पट्टे वाढत नसतील व मूल निरोगी असेल तर बहुधा भय नाही. मात्र मुलाला झटके येत असतील, वाढ मंद असेल, डोळ्यांत वा दातांत दोष असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

घरी एक साधी चाचणी करता येते. डोळे मिटायला सांगून बॉलपेनचे टोक डागावर हलकेच टेकवावे आणि कोठे टेकवले ते बोटाने दाखवायला सांगावे. दाखवता आले नाही तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. चेहऱ्यावरील चट्ट्यात संवेदना शाबूत राहू शकते, म्हणून अंतिम निदान डॉक्टरांचेच. ते नसा चाचपून पाहतात, कोंडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, विशिष्ट निळसर-जांभळ्या प्रकाशात डाग पाहतात.

आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे राहिले. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. तरी चंद्रपूर-गडचिरोलीत नवे रुग्ण आजही सापडतात. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि सहा महिने ते एक वर्षात रोग बरा होतो. उशीर झाल्यास वाकलेली बोटे मात्र गोळ्यांनी सरळ होत नाहीत. २०१९ साली संसदेने विवाहविषयक कायद्यांत दुरुस्ती करून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहू दिले नाही. कायदा बदलला, आता आपली मने बदलायची आहेत.

सभासदांना आमची विनंती आहे की, डाग लपवू नका आणि डाग पाहून माणूस टाकू नका. विद्यार्थ्यांनी ही बॉलपेनची चाचणी आपल्या घरापासून सुरू करावी.