युद्धकैद्याला जेवण का द्यायचं? : इतिहासाच्या तासाला घेता येईल असा एक पाठ



अकोल्यात पहिलं महायुद्ध शिकवत असताना एका मुलाने विचारलं, "सर, जो आपल्याले माराले आला, त्याले पकडल्यावर जेवू कायले घालाचं?" वर्ग हसला. पण प्रश्न खरा होता. उत्तरादाखल मी कुतची हकीकत सांगितली.

कुत म्हणजे कुठे?
आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीकाठी. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की फौजेने तिथे ब्रिटिशांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा घातला. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आलं, घोडे कापावे लागले. धर्मामुळे अनेक हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस खाल्लं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जण शरण गेले.

पुढे काय झालं?
सेनापती टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवलं. उपाशी, आजारी शिपायांना मात्र वाळवंटातून शेकडो किलोमीटर चालवलं. अनेकांना रास-अल-ऐनला रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपलं. हजारो जण घरी परतलेच नाहीत.

कैद्याला माणुसकीने वागवा, आपल्या सैनिकाइतकं अन्न द्या, हे हेगच्या नियमांत तेव्हाही लिहिलेलं होतं. पण छावण्या तपासण्याची पक्की तरतूद नव्हती.

आजचा नियम
१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार:
१. कैद्याला पुरेसं अन्न आणि औषधोपचार मिळाले पाहिजेत.
२. नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक यापलीकडे काही सांगण्याची सक्ती करता येत नाही.
३. घरी पत्र पाठवता येतं, रेड क्रॉसचे प्रतिनिधी भेटू शकतात.
४. त्याचा तमाशा करता येत नाही.
५. लढाई संपली की विनाविलंब सोडायचं.

१९७१ नंतर भारताकडे सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते. त्यांची परतपाठवणी एप्रिल १९७४ पर्यंत पूर्ण झाली. २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या ताब्यात होते, तेव्हा आपणही याच कराराचा आधार घेतला.

म्हणून त्या मुलाला मी म्हटलं, "बाळा, आपलाही माणूस कधी त्यांच्या छावणीत असतो. आणि हत्यार खाली ठेवलेला माणूस भुकेला असतो, बस्स."

वर्गात किंवा घरी विचारा
कुतला सेनापती आणि शिपाई यांना वेगळी वागणूक का मिळाली असेल? पकडलेल्या सैनिकाचा व्हिडिओ मोबाइलवर आला, तर तू पुढे पाठवशील का?

उत्तर लगेच देऊ नका. मुलांना बोलू द्या.