मल्हाररावांचा बचाव

फौजदारी खटल्यात आरोपीच्या वकिलाचे काम कोणते, असे वर्गात विचारले की बहुतेक विद्यार्थी उत्तर देतात, "आरोपी निर्दोष आहे हे सिद्ध करणे." हे उत्तर बरोबर नाही. गुन्हा शाबीत करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो. त्या पुराव्यावर विसंबता येत नाही एवढे दाखविले की बचावाचे काम झाले. १८७५ साली बडोद्यास चाललेल्या चौकशीत हे फार स्पष्ट दिसते.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर याने पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले. त्याला अस्वस्थ वाटू लागले, म्हणून उरलेले सरबत त्याने फेकून दिले. पेल्याच्या तळाशी राहिलेल्या गाळात सोमल व हिऱ्याची पूड सापडली. संशय मल्हारराव गायकवाडांवर आला. जानेवारी १८७५ मध्ये त्यांना अटक झाली आणि चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ नेमले गेले. त्यात सर रिचर्ड काउच, मीड व मेलव्हिल हे तीन इंग्रज होते. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे तीन हिंदी.

महाराजांनी इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आणविला. बहुतेक साक्षीदार रेसिडेन्सीतले नोकर आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत. यातल्या मुख्य साक्षीदारांना माफीचे आश्वासन मिळालेले होते. बॅलंटाइनने नेमके येथेच बोट ठेवले. स्वतःची मान सोडविण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेणाऱ्याचा शब्द किती मानावा? रावजी हवालदाराच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, ती पोलिसांनी झडती घेतली तेव्हा. मग ती तेथे ठेवली कोणी? शिवाय फेअरची बदली करावी असा खलिता महाराजांनी त्याच महिन्याच्या आरंभी व्हाइसरॉयकडे धाडला होता. ज्याने रीतसर तक्रार केली, तो आठ दिवसांत विष कशाला घालील? (फिर्यादी पक्षाला याच खलित्यात वैर दिसले. पुरावा एकच, वाचन दोन!)

इंग्रज सभासदांनी महाराजांना दोषी धरले. हिंदी सभासदांच्या मते विषप्रयोगाचा आरोप शाबीत झाला नव्हता. तीनास तीन! न्यायालयात अशा संशयाचा फायदा आरोपीस मिळाला असता. परंतु हे न्यायालय नव्हतेच. मंडळाला निकाल देण्याचा अधिकार नव्हता, केवळ अहवाल द्यावयाचा होता. आणि अहवाल मागणारे सरकार हेच आरोप ठेवणारे होते. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने गैरकारभाराचे कारण देऊन महाराजांना पदच्युत केले व मद्रासेस पाठविले. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण चौकशी विषप्रयोगाची आणि शिक्षा गैरकारभाराची, हे कोणत्याही कायद्यात बसणारे नाही. बॅलंटाइनची उलटतपासणी कितीही धारदार असली, तरी ज्याने निर्णय द्यावयाचा तोच फिर्यादी असेल तर वकील काय करणार?

माफीच्या साक्षीदाराचा प्रश्न आजही जिवंत आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने एका कलमात अशी साक्ष पुष्टीशिवाय अविश्वसनीय समजावी असे सुचविले होते, तर दुसऱ्यात केवळ पुष्टी नाही म्हणून शिक्षा बेकायदा ठरत नाही असे म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमाने या दुसऱ्या कलमात पुष्टी मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख केला आहे.

मल्हाररावांना विलायतेहून वकील आणणे परवडले. ज्याला तालुक्याचा वकीलही परवडत नाही, त्याचे काय? घटनेच्या २२ व्या कलमाने अटक झालेल्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला, पण वकिलाची फी दिली नाही. ती उणीव भरून काढणारा एक महत्त्वाचा निकाल १९७८ मधला, होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आमच्या वाचकांना त्यात विशेष रस वाटावा, कारण आरोप होता धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या करण्याच्या खटपटीचा, आणि आरोपी स्वतः प्राध्यापक! उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आपल्याला तुरुंगात मिळालीच नाही, अशी त्याची तक्रार होती. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि गरजू कैद्याला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील दिला पाहिजे, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी ठरवून दिले. अर्जदाराचा अर्ज मात्र फेटाळला गेला.