शंका-समाधान : ओढ्याचं पाणी नदीत मिसळतं कधी?

शंका : आमच्या गावाजवळ रंगीत सांडपाण्याचा ओढा नदीला मिळतो. तपासणीला आलेल्यांनी पुलाच्या मधोमध उभं राहून बादली सोडली आणि नमुना घेतला. अहवाल चांगला आला. आमच्या काठाला मात्र दोन किलोमीटर खालपर्यंत रंगाचा पट्टा दिसतो. खरं काय मानायचं?
– एक वाचक, सांगली जिल्हा

समाधान : दोन्ही खरं आहे; चुकली ती नमुन्याची जागा. पाण्यात पदार्थ पसरवण्याचं काम भोवरे करतात आणि भोवऱ्यांचा आवाका पात्राच्या खोलीएवढाच असतो. त्यामुळे पदार्थ तळापर्यंत चटकन पोचतो, पण पलीकडचा काठ गाठायला त्याला फार वेळ लागतो. समजा, पात्र 100 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल आहे, वेग सेकंदाला अर्धा मीटर. नेहमीच्या सूत्रांनी उभं मिसळणं शंभर-सव्वाशे मीटरांत उरकतं. काठाला सोडलेलं पाणी आडवं पूर्ण पसरायला मात्र 30 किलोमीटरच्या वर लागतात. हे अंतर रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं : पात्र निम्मं, तर अंतर पाव. वळणं आणि खडकाळ टप्पे असले की ते कमी होतं. तेव्हा डावा काठ, मध्य आणि उजवा काठ असे तीन नमुने मागा. गावासाठी पाणी उपसणारी विहीर (जॅकवेल) ओढ्याच्याच काठाला असेल, तर मधल्या नमुन्यावर अजिबात विसंबू नका.

शंका : मी पाणीपुरवठ्याचे पंप सांभाळतो. 36 किलोमीटर वर एखादा रसायनाचा टँकर नदीत उलटला आणि वेग सेकंदाला अर्धा मीटर असला, तर रसायन 20 तासांनी आमच्याकडे पोचेल. तेवढा तासभर पंप बंद ठेवले तर भागेल का?
– एक वाचक, नांदेड

समाधान : भागणार नाही. विसावा तास हा सर्वांत दाट पाणी येण्याचा. वर घेतलेल्या पात्रात रसायनाचं तोंड तेराव्या तासालाच येऊ शकतं आणि शेपूट सत्ताविसाव्या तासानंतरही रेंगाळतं. मधली धार पळते, काठचं आणि तळाचं पाणी मागे राहतं. या दोहोंत ये-जा करता करता रसायन लांबत जातं. जी. आय. टेलर यांनी 1953 साली नळातल्या प्रवाहासाठी हे दाखवलं, ह्यूगो फिशर यांनी 1960च्या दशकात ते नद्यांना लावलं. त्यात डोह, काठची झुडपं, बंधाऱ्यामागचं संथ पाणी रसायन धरून ठेवतात आणि मागाहून थोडं थोडं सोडतात. म्हणून पंप लवकर बंद करा आणि पुन्हा सुरू करताना घड्याळ नव्हे, नमुना पाहा. 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली. ती विझवताना कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत वाहून गेली. त्यानंतर त्या नदीसाठी इशारा देणारं गणिती मॉडेल तयार झालं. रंगद्रव्य सोडून, ते कुठे किती वेळाने पोचतं हे मोजून त्यातले गुणांक ठरवले गेले.

शंका : प्रकल्पासाठी मी नदीचं मॉडेल करते आहे. लांबीच्या दिशेने पसरण्याचा गुणांक सूत्रातून घेतला तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

समाधान : आधी विसर्ग कसा आहे ते पाहा. सांडपाणी रोज, एकसारखं सोडलं जात असेल, तर या गुणांकाने निकाल फारसा हलत नाही; वेग आणि पदार्थ कुजण्याचा दर महत्त्वाचे. नदीतल्या विरघळलेल्या ऑक्सिजनचा हिशोब मांडणाऱ्या, ओहायो नदीवरच्या 1925च्या स्ट्रीटर-फेल्प्स समीकरणात तो गुणांक नाहीच. अपघाताने रसायन सांडलं तर मात्र तो कळीचा ठरतो आणि सूत्रातून आलेलं उत्तर कित्येक पट चुकू शकतं. म्हणून परवानगी काढून रोडामाइन डब्ल्यूटी हे रंगद्रव्य सोडा आणि खाली दोन ठिकाणी ठरावीक वेळाने नमुने घ्या. शेपूट संपेपर्यंत थांबा. घाईने आवरलं की गुणांक हमखास कमी येतो.