घरच्या वेळेचा जमाखर्च

महाविद्यालयात वेळ सांभाळण्याचे काम आपल्याकडे नसते. घंटा होते, तास सुरू होतो. पुन्हा घंटा होते, तास संपतो. घरी मात्र घंटा नसते. सुट्टीचा दिवस सकाळी चांगला लांबरुंद वाटतो आणि दिवेलागणीला पाहावे तो हाती दोन पानांचे टिपण! मग आपण म्हणतो, "वेळच मिळत नाही." हे वाक्य कितपत खरे आहे, ते तपासावे या हेतूने मी गेल्या वर्षी परीक्षेपूर्वीच्या सुट्टीत १४ दिवस माझ्या वेळेचा जमाखर्च लिहिला. मानसशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने त्यातून जे समजले, ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. एम. ए.ला जायचे की नाही, हे यंदाच्या निकालावर ठरणार आहे. तेव्हा हा विषय माझ्या दृष्टीने केवळ लेखापुरता नाही, हे उघडच आहे.

पद्धत अगदी साधी होती. एका वहीत तीन रकाने आखले : काय करायचे ठरले होते, प्रत्यक्षात काय केले, आणि उरलेला वेळ कोठे गेला. नोंद दर अर्ध्या तासाने, त्याच वेळी करावयाची. रात्री आठवून लिहायचे नाही; कारण रात्रीची आठवण आपल्या बाजूने साक्ष देते.

पहिल्या चार दिवसांतच तिसरा रकाना बोलू लागला. वेळ एकदम कधीच जात नाही, तो झिरपतो. माठ फुटला तर लगेच कळते. झिरपला तर सकाळी तळाशी पाणी पाहिल्यावर कळते, तसेच हे. झिरपण्याच्या जागा मुख्यतः तीन दिसल्या.

पहिली जागा आरंभाची. अभ्यासाला बसण्यापूर्वी टेबल आवरणे, पेनात शाई भरणे, वेळापत्रक रंगीत शाईने नव्याने लिहिणे, ही सारी कामे अभ्यासासारखी दिसतात, पण अभ्यास नव्हेत. दुसरी जागा मोबाइलची. एखाद्या शब्दाचा अर्थ पाहायला तो हाती घ्यावा, अर्थ अर्ध्या मिनिटात मिळावा आणि मोबाइल मात्र वीस मिनिटांनी खाली ठेवला जावा. तिसरी जागा सर्वांत फसवी : कामच लांबवणे. संपूर्ण दुपार मोकळी असली की एका प्रश्नाच्या उत्तराला संपूर्ण दुपार लागते.

या तिसऱ्या गोष्टीला एक प्रसिद्ध नाव आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५५ साली 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकात एक विनोदी लेख लिहिला. जेवढा वेळ उपलब्ध असेल तेवढे काम फुगत जाते, हा त्याचा सिद्धान्त. त्याने दिलेले उदाहरण मार्मिक आहे : रिकामपण असलेल्या वृद्ध बाईंना भाचीला एक पोस्टकार्ड धाडायला अख्खा दिवस पुरतो, कार्ड शोधणे, चष्मा शोधणे, पत्ता शोधणे यातच तास जातात. कामात असलेला माणूस तेच कार्ड तीन मिनिटांत लिहून मोकळा होतो.

याच्या जोडीला आपला अंदाजही चुकतो. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध पुरा करायला किती दिवस लागतील, असे विचारले होते. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता; प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. अर्थात आपले वेळापत्रक कोसळते ते केवळ आळसामुळे नव्हे. ते मुळातच अशक्य आखलेले असते. म्हणून पाचव्या दिवसापासून मी अंदाजाच्या दीडपट वेळ धरू लागले. वेळापत्रकातील विषय कमी झाले, पण ठरलेले पुरे होऊ लागले.

आता उपायांविषयी. आरंभाच्या जागेवर उपाय म्हणजे 'जर-तर'चा निश्चय. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ मधील लेखात या प्रकारच्या निश्चयाचे महत्त्व विशद केले आहे. "उद्यापासून खूप अभ्यास करीन" हा संकल्प मोघम असतो. "सकाळचा चहा झाला, कप विसळून ठेवला, की मी खिडकीपाशी बसून इतिहासाची वही उघडीन" या निश्चयात जागा, वेळ आणि कृती तिन्ही ठरलेल्या असतात. टेबल आवरायचे ते रात्री निजण्यापूर्वी, सकाळी नाही. मोबाइलला जागा दिली स्वयंपाकघरातील फडताळाच्या वरच्या खणात. अडलेले शब्द कागदावर लिहून ठेवायचे आणि संध्याकाळी एकदम पाहायचे. काम लांबू नये म्हणून फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन गृहस्थाने १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आणलेली रीत उपयोगी पडली : २५ मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे विश्रांती. त्यासाठी घरातले गजराचे जुने घड्याळ पुरते.

सवय किती दिवसांत लागते? '२१ दिवसांत' असे सर्रास सांगितले जाते. लंडनमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ९६ व्यक्तींवरील अभ्यासात मात्र साधारणतः ६६ दिवस लागतात असे आढळले. व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो. एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसून आले. तेव्हा एका खाड्याने सारे सोडून देण्याचे कारण नाही.

येथवर सारे सवयींचे झाले. परंतु वहीतला तिसरा रकाना नीट पाहता त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या दिसल्या. म्हणून मी सवयीने गेलेल्या वेळेखाली तांबडी रेघ ओढली आणि घरकामात गेलेल्या वेळेखाली निळी. नळाला पाणी येण्याची वेळ, भाकऱ्या, धाकट्या भावाचा डबा, आजीचे औषध, आल्यागेल्याचा चहा. आठवड्याच्या अखेरीस निळ्या रेघा तांबड्यांहून अधिक भरल्या. या वेळेला 'वाया गेलेला' म्हणणे म्हणजे कामाला आळस म्हणणे होय. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. आमचे घर या आकड्यांहून फार वेगळे नव्हते.

मी ती वही आईपुढे ठेवली. तिने पाने चाळली आणि म्हणाली, "माझं लिहायला बसलीस तर ही वही पुरायची नाही गं." मग बराच वेळ आम्ही दोघी बोलत होतो. दुसऱ्या दिवसापासून पाणी भरणे आणि आजीचे औषध भावाकडे गेले. पहिले दोन दिवस तो कुरकुरला; आजीने "माझ्या नातवाच्या हातचं औषध लवकर गुण देतं" म्हटल्यावर थांबला. त्यामुळे मला सकाळचा सलग तास मिळाला आणि आईला दुपारची घटकाभर पाठ टेकता आली. कोणत्याही गजराने हे साधले नसते.

शेवटी एक सावधगिरी. वही लिहिताना प्रत्येक मिनिटाला कामाला जुंपावे, असा मोह होतो. तो आवरावा. संध्याकाळी आजीपाशी बसून ऐकलेल्या गोष्टींखाली मी कोणतीच रेघ ओढली नाही. तो खर्च नव्हे, तो जमेचा भाग आहे. मैत्रिणींनी व मित्रांनी सात दिवस तरी अशी वही लिहून पाहावी. तांबड्या रेघा दिसल्या तर त्या कमी करणे आपल्या हाती आहे. निळ्या रेघा दिसल्या तर त्या एकट्याने कमी होत नाहीत. त्यासाठी वही घरातल्या सर्वांपुढे ठेवावी लागते. आणि ज्यांच्या वहीत निळी रेघ एकही निघाली नाही, त्यांनी ती कोणाच्या वहीत गेली, याचा शोध घ्यावा.