"स्वभावच तसा आहे" हे वाक्य दुकानात महाग पडतं

व्हिडिओत मानसशास्त्राच्या मूलभूत गोष्टी घाईत सांगितल्या, इथे निवांत बघू. बीबीएला हे मी एका पेपरापुरतं वाचलं होतं. कळलं ते गल्ल्यावर बसल्यावर.

कुणी विचित्र वागलं की आपण म्हणतो, "स्वभावच तसा." परिस्थिती न बघता सगळं माणसाच्या स्वभावावर ढकलायचं, या सवयीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली 'मूलभूत चूक' म्हटलं. ती दुकानात कुठे कुठे होते बघा.

१) लहान मूल: पाच वर्षांचं पोरगं रुंद ग्लासातला रस नको म्हणतं, उंच ग्लासासाठी रडतं. रस तेवढाच आहे. मग हट्टी आहे का? नाही. जीन पियाजे यांनी दाखवलं की साधारण सात वर्षांपर्यंत मुलांना 'भांडं बदललं तरी माप तेच' हे उमगत नाही. समजावत बसू नका, उंच ग्लासात ओतून द्या.

२) कामावरचा मुलगा: उशिरा आला की बोलता, वेळेवर आला की गप्प. स्किनर सांगतात, ज्या वागण्यानंतर काही चांगलं मिळतं ते वागणं वाढतं. वेळेवर आला त्याच क्षणी दोन चांगले शब्द बोला.

३) उधारीवाला: आपल्या परभणी जिल्ह्यात सोयाबीन, कापूस विकला की उधारी फिटते. पीक गेलं की तोच माणूस रस्ता बदलतो. मी अशा एकाला 'बुडव्या' समजून चारचौघांत पैसे मागितले. पुढच्या हंगामात त्याने सगळे पैसे मुलाच्या हाती पाठवले. स्वतः मात्र आजवर दुकानाची पायरी चढला नाही. तो बुडवा नव्हता, त्याला लाज वाटत होती.

४) आपण स्वतः: एका वर्षी धंद्यात खोट आली. मी बारा वाजता शटर उघडायला लागलो. झोप नाही, जेवण नाही, हिशेबाची वही हातात घ्यायची भीती. घरचे म्हणाले आळशी झालाय, मलाही तेच वाटलं. डॉक्टर म्हणाले, हा आळस नाही, नैराश्य आहे. औषध आणि समुपदेशनाने सावरलो, पण तोवर बरेच महिने गेले होते.

उदासी दोन-चार दिवसांची असेल तर ती सगळ्यांनाच येते. पण दोन आठवडे जवळजवळ रोज मन खचलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आजार कोणता, हे ठरवायचं काम त्यांचं. सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. कुणी मरणाची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका, लगेच मदत मिळवा.

आजचा गृहपाठ: ज्याच्याबद्दल तुम्ही "स्वभावच तसा" म्हणता, असं एक नाव वहीत लिहा. त्यापुढे त्याच्या वागण्याची दुसरी तीन कारणं लिहा. उधारी मागायला जाण्याआधी ते पान एकदा वाचा.