अंध विद्यार्थी आणि आपला वर्ग

आपल्यापैकीं प्रत्येकानें एकदां एक प्रयोग करून पाहावा. भूमितीच्या तासाला डोळे घट्ट मिटून बसावें आणि शिक्षक काय सांगत आहेत तें नुसत्या कानांनीं ऐकावें. "ही बाजू इथून अशी वाढविली, म्हणजे हा कोन ह्या कोनाएवढा झाला; आतां हा ह्यांतून वजा केला कीं उत्तर आलें." खडूचा आवाज येतो, फळा पुसल्याचा आवाज येतो, परंतु कोणती बाजू वाढविली, कशांतून काय वजा केलें, ह्यांपैकीं कांहींच कळत नाहीं. तास संपल्यावर आपण डोळे उघडतों आणि शेजाऱ्याची वही पाहून घेतों. पण ज्याला डोळे उघडून उपयोग नाहीं, त्यानें काय करावें ? ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपल्या देशांत अंधांच्या शिक्षणास आरंभ झाला तो स्वतंत्र शाळांतून. १८८७ सालीं मिस अ‍ॅनी शार्प ह्यांनीं अमृतसर येथें अंधांची शाळा काढली. १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलर्ड ह्यांनीं मुंबईंत शाळा सुरू केली. तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून नांवारूपास आली. अशा शाळांनीं केलेल्या कार्याचें मोल मोठें आहे, आणि त्यांची गरज आजही संपलेली नाहीं. परंतु आतां दुसरीही वाट खुली झाली आहे. दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६ ह्या कायद्यानें, त्यांत ठरविलेल्या प्रमाणाइतकें दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास घराजवळच्या शाळेंत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिकण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे उद्यां आपल्याच बाकावर एखादा अंध विद्यार्थी येऊन बसेल. दार उघडलें खरें. पण आंत आलेल्या पाहुण्याच्या पानावर कांहींच वाढलें नाहीं, तर त्या आमंत्रणास अर्थ काय?

अंध विद्यार्थ्याच्या साधनांत पहिला मान ब्रेल लिपीचा. तिचा जनक लुई ब्रेल हा १८०९ सालीं फ्रान्समधील एका खेड्यांत जन्मला. बाप खोगिरें करणारा. लुई तीन वर्षांचा असतांना बापाच्या कारखान्यांत आरीशीं खेळतां खेळतां त्याच्या एका डोळ्यास इजा झाली, आणि पुढें दोन्ही डोळे गेले. तो पॅरिसच्या अंधशाळेंत शिकत होता, तेव्हां शार्ल बार्बिए नांवाच्या एका माजी सैनिकी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपि तेथें येऊन पोहोंचली. तींत एका खुणेस बारा ठिपके लागत, आणि ते बोटाच्या एका स्पर्शांत मावत नसत. लुईनें ते सहावर आणले. १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्याची लिपि आकारास आली. १८२९ सालीं ती छापून प्रसिद्ध झाली. १८५२ सालीं तो वारला, आणि त्याच्याच शाळेनें ती लिपि अधिकृतपणें स्वीकारली १८५४ सालीं !

ह्या लिपींत ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी असतात : डावीकडे वरून खालीं १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. त्यांतून त्रेसष्ट निरनिराळ्या खुणा होतात. आपल्याकडे पूर्वीं अनेक ब्रेल पद्धति चालत. १९५१ सालीं भारतीय भाषांसाठीं एकच भारती ब्रेल ठरविण्यांत आली. तींत १ आणि ३ हे ठिपके उठविले म्हणजे 'क' होतो. त्यांत ४ मिळविला म्हणजे 'म'. आणि १, २, ३ मिळून 'ल'. ह्या तीन खुणा ओळीनें ठेवल्या कीं 'कमल' झालें. गंमत अशी कीं, येथें काना, मात्रा, वेलांटी हीं अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशीं बसत नाहींत; स्वर ज्या क्रमानें कानाला ऐकूं येतो, त्याच क्रमानें तो लिहिला जातो. 'किरण' हा शब्द छापील पानावर पाहिला तर वेलांटी 'क'च्या आधीं दिसते. अंध विद्यार्थी मात्र आधीं क, मग इ, मग र, मग ण असें लिहितो. म्हणून "वेलांटी डावीकडून द्या" हें शिक्षकाचें वाक्य त्याच्या उपयोगाचें नाहीं. "येथें इ ऱ्हस्व आहे" एवढें म्हटलें कीं त्याचेंही काम होतें आणि सर्व वर्गाचेंही.

हातानें ब्रेल लिहिण्यासाठीं खांचा पाडलेली पाटी व टोकदार लेखणी लागते. ठिपका उठतो कागदाच्या मागच्या बाजूस. म्हणून उजवीकडून डावीकडे लिहावयाचें आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावयाचें. अंकगणितासाठीं टेलर पाटी असते. तिला अष्टकोनी भोकें असून त्यांत धातूचे लहान खिळे बसवितात. खिळ्याच्या एका टोकास आडवी कड व दुसऱ्या टोकास दोन उंचवटे. प्रत्येक टोक आठ दिशांनीं बसवितां येतें, म्हणून सोळा खुणा मिळतात. दहा अंक व बेरीज, वजाबाकी इत्यादींचीं चिन्हें त्यांत मावतात, आणि हातचा घेऊन केलेली वजाबाकी बोटांनीं तपासून पाहतां येते.

ह्या जुन्या साधनांच्या जोडीस आतां संगणक आला आहे. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस स्क्रीन रीडर म्हणतात. मायकेल करन व जेम्स टेह ह्या ऑस्ट्रेलियांतील दोघां अंध तरुणांनीं २००६ सालापासून तयार केलेला एन्‌व्हीडीए नांवाचा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो, आणि तो मराठीही वाचतो. परंतु ह्या यंत्राचें एक मर्म ध्यानांत ठेवलें पाहिजे. तें अक्षराचा आकार पाहत नाहीं. त्या अक्षरास संगणकांत दिलेला संकेत वाचतें. मराठी मजकूर युनिकोड पद्धतीनें लिहिलेला असेल तरच तो मराठी म्हणून ऐकूं येतो. जुन्या फाँटांत उमटविलेलें मराठी आपल्या डोळ्यांना सुरेख दिसतें, पण आंतील संकेत इंग्रजी अक्षरांचे असल्यामुळें यंत्र भलतेंच बरळूं लागतें. पानाचें छायाचित्र दिलें तर त्यांतील अक्षरें ओळखणारीं साधनें निघालीं आहेत, पण त्यांवर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं.

हें मर्म आम्हांस पुस्तकांतून कळलें नाहीं, चुकून कळलें. आमच्या आठवीच्या वर्गांत एक अंध विद्यार्थी होता. सहामाही परीक्षेंत भूगोलाची प्रश्नपत्रिका त्यास संगणकावर दिली आणि आम्ही निश्चिंत झालों. वीस मिनिटांनीं त्याच्याजवळ गेलों, तों कानाला यंत्र लावून तो स्तब्ध बसलेला. उत्तराची एक ओळही नाहीं. त्यानें हळूच विचारलें, "सर, प्रश्न कोणत्या भाषेंत आहेत ?" प्रश्नपत्रिका जुन्या फाँटांत होती ! एका शिक्षकांनीं ती वाचून दाखविली, गेलेला वेळ भरून दिला, आणि त्यानें पेपर पुरा केला. राहिला तो नकाशाचा प्रश्न. आम्हीं उदारपणें म्हटलें, "तो सोडून दे; त्याचे गुण तुला असेच देऊं." तो म्हणाला, "गुण नकोत, सर. नकाशा हवा."

त्या शब्दांनीं आम्ही मनांतल्या मनांत शरमलों. आम्हीं त्यास यंत्र दिलें होतें, पण धडा दिला नव्हता. आणि धडा न देतां गुण देणें ही सरळ सरळ दयेची भिक्षा होती.

पुढच्या आठवड्यांत वर्गानेंच नकाशा केला. जाड पुठ्ठ्यावर महाराष्ट्राची सीमा सुतळीनें चिकटविली; सह्याद्रीसाठीं जाड दोर, नद्यांसाठीं बारीक दोरा, शहरांसाठीं तुरीचे दाणे, आणि समुद्राच्या जागीं खरखरीत पॉलिशकागद. आमच्या त्या विद्यार्थ्यानें दोरावरून बोटें फिरविलीं, त्र्यंबकपाशीं थांबला, आणि विचारूं लागला : "समुद्र येथून इतका जवळ असतां गोदावरी त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला कां जाते ?" वर्षानुवर्षें भिंतीवरचा नकाशा पाहणाऱ्या आमच्या वर्गांत हा प्रश्न कोणीं विचारला नव्हता. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, हें उत्तर त्या दिवशीं सर्वांना मिळालें, आणि पुठ्ठ्यावर हात फिरवावयास सर्वांचीच रांग लागली.

तेव्हांपासून आम्हीं धडा मांडण्याची रीतच बदलली. फळ्यावर जें लिहावयाचें तें तोंडानें बोलावयाचें. 'हा', 'ही', 'इकडे' असें न म्हणतां 'कोन अबक', 'बाजू बक' असें नांव घ्यावयाचें. वाचावयाचा उतारा आदल्या दिवशीं युनिकोडमध्यें द्यावयाचा, आणि चित्र असेल तर त्याचें वर्णन दोन वाक्यांत लिहावयाचें. एक अडचण मात्र आली. त्याच वर्गांत एका मुलीस कमी ऐकूं येई; ती ओठ पाहून शब्द ओळखी. आम्ही फळ्याकडे तोंड करून बोलूं लागतांच तिचा धडा बुडाला ! शेवटीं असें ठरविलें कीं, आधीं लिहावें, मग वर्गाकडे वळावें आणि मग बोलावें. दोघांचीही सोय झाली. शिवाय मागच्या बाकांवरील मुलें म्हणूं लागलीं कीं, आतां वही पुरी होते.

कित्येक पालक विचारतात, "अशा रीतीनें इतर मुलांचा अभ्यास मागें नाहीं का पडणार ?" प्रश्न रास्त आहे. पहिले कांहीं आठवडे धडे सावकाश चालले, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु स्पष्ट बोललेला धडा पुन्हां सांगावा लागत नाहीं, आणि गेलेला वेळ तेथें भरून येतो. धडा सोपा करावयाचा नसतो. धड्याकडे जाणारी वाट सोपी करावयाची असते. परीक्षेंतही तेंच तत्त्व आहे. अंध परीक्षार्थ्यास लेखनिक व दर तासास निदान वीस मिनिटें अधिक देण्याविषयीं केंद्र सरकारनें २०१८ सालीं मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. प्रश्न मात्र सर्वांना सारखेच.

ज्यांच्या घरीं अंध मूल आहे त्यांस एक विनंति. यंत्र बोलतें म्हणून ब्रेल शिकविण्याची टाळाटाळ करूं नये. नुसतें ऐकून गोष्ट कळते, पण शब्दाचें शुद्ध रूप कळत नाहीं. 'दिन' आणि 'दीन' ह्यांतील भेद बोटांखालीं आला म्हणजेच पक्का होतो. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडूनही थोडें हवें आहे. अंध सोबत्याशीं बोलतांना आधीं आपलें नांव सांगावें. त्यास हाताला धरून ओढूं नये. आपलें कोपर पुढें करावें, तो तें धरून चालेल. वर्गांतील बाक हलविला तर त्यास सांगावें. त्याची वही तुम्ही लिहूं नका. त्याच्याशीं वाद घाला, खेळा, आणि तो चुकला तर चुकला म्हणून सांगा.

वार्षिक परीक्षेंत आमच्या त्या विद्यार्थ्यास पुठ्ठ्याचा कोरा नकाशा व दोरे दिले होते. नकाशाच्या प्रश्नांत त्यास दहापैकीं सात गुण मिळाले. कृष्णेचा उगम त्यानें महाबळेश्वराच्या बराच दक्षिणेस दाखविला होता. त्याचे व इतर दोन चुकांचे मिळून तीन गुण आम्हीं कापले. निकाल ऐकून तो हंसला आणि म्हणाला, "सर, ह्या वेळीं गुण कापले !" असमान दयेपेक्षां समान न्याय किती गोड असतो, हें त्या हंसण्यानें आम्हांस शिकविलें.