दोनशे तासांनंतर काय?

हेलिकॉप्टरचं कमर्शियल लायसन्स मिळालं की नोकरी दारात उभी, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस बहुधा फी तरी घेत असतो नाहीतर कमिशन तरी. आम्हाला भेटला तो कमिशनवाला. पुण्यात ऑफिस, भिंतीवर ग्रँड कॅन्यनचा भलामोठा फोटो आणि समोर माझे वडील, नोटप्रेसमधून नुकतेच निवृत्त झालेले, फंडाची रक्कम कुठे लावावी या विवंचनेत. नोटा छापणाऱ्या नाशिकरोडला राहूनही नोटांची चणचण काय असते, ते प्रेस कामगाराच्या घराला वेगळं सांगावं लागत नाही. फंड गेला, घरावर कर्ज निघालं आणि मी अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल झाले.

आज मी जुहूहून को-पायलट म्हणून उडते आणि पगार घेते. त्यामुळे दरवर्षी बारावीचा निकाल लागला की कुणाचे ना कुणाचे बाबा फोन करतात. "ताई, पोरीला पाठवू का?" हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तासांचा हिशोब. अमेरिकेत १५० तासांवर कमर्शियल लायसन्स मिळतं. कागदोपत्री तुम्ही पैसे घेऊन उडायला लायक झालात. आता पैसे देणारे काय मागतात ते बघा. ग्रँड कॅन्यनवर पर्यटक फिरवणारे आणि मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारे साधारण हजार तासांच्या आतल्या अर्जाकडे बघत नाहीत. हवाई रुग्णवाहिकेला त्याच्या दुप्पट लागतात. मग दीडशे ते हजार या पट्ट्यात पोट कसं भरायचं, याबद्दल माहितीपत्रकात एक ओळ नसते.

तिथला रुळलेला मार्ग इन्स्ट्रक्टर होण्याचा. जेमतेम शिकलेल्याने नवख्याला शिकवायचं, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं आणि आजही वाटतं. पण तिथल्या हेलिकॉप्टर शाळा याच पद्धतीने चालतात. त्यात एक मेख आहे. बऱ्याच शाळांत रॉबिन्सन आर-२२ हे दोन आसनांचं हलकं हेलिकॉप्टर असतं. त्याचे पंखे इतके हलके की इंजिन बंद पडलं तर कलेक्टिव्ह, म्हणजे पंख्यांचा कोन बदलणारा दांडा, खाली करायला जेमतेम सेकंदभर मिळतो. नवख्यांच्या हातून त्याचे बरेच जीवघेणे अपघात झाले, तेव्हा १९९५मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या हवाई नियामकाने, खास नियम काढला. आर-२२वर शिकवायचं तर हेलिकॉप्टरचे किमान २०० तास हवेत, आणि त्यातले ५० आर-२२वरचे. म्हणजे लायसन्स दीडशेला, पण पहिला पगार दोनशेनंतर. मधल्या तासांचे पैसे कोण देणार? तिथे आर-२२चा एक तास तीनशे डॉलरच्या पुढे जातो. आमच्या कोटेशनमध्ये हे तास नव्हतेच. "तिकडे गेल्यावर अॅडजस्ट होतं," असं कमिशनवाला म्हणाला होता. ते अॅडजस्ट वडिलांनी पतपेढीतून केलं.

शाळा आपल्याच विद्यार्थ्यांतून इन्स्ट्रक्टर निवडते, पण सगळ्यांना घेत नाही. निवड परीक्षेच्या मार्कांवर होते असं मला वाटायचं. प्रत्यक्षात चीफ इन्स्ट्रक्टरचं लक्ष भलतीकडे असतं. हँगर झाडायला कोण थांबतं, सकाळी धुकं असताना स्वतःहून उड्डाण रद्द कोण करतं, वाया गेलेल्या दिवसाची कुरकुर कोण करतं, हे तो मनात नोंदवत असतो. शिवाय वजन. आर-२२च्या एका सीटची मर्यादा १०९ किलोची आहे आणि दोघं बसल्यावर इंधनाला जागा उरावी लागते. जाडजूड विद्यार्थी आले की माझ्या चोपन्न किलोंना एकदम भाव यायचा. नोकरीच्या जाहिरातीत वजनाची अट असणारे धंदे कुस्ती सोडून फार नसतील!

आता व्हिसा. हा मुद्दा इंजिनाइतका महत्त्वाचा, आणि आम्हाला तो कळला एका आतेभावामुळे. "एफ-१ आहे की एम-१?" एवढंच त्याने विचारलं होतं. एफ-१वर शिक्षण संपल्यावर वर्षभर त्याच क्षेत्रात पगारी काम करता येतं. एम-१वर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, आणि फार तर सहा महिने. दोन्ही व्हिसांचे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात, तीच फी भरतात. माझ्या बरोबरचा सुरतचा एक मुलगा, माझ्यापेक्षा हात चांगला असलेला, एम-१वर आला होता. इन्स्ट्रक्टर म्हणून काम करायला त्याला पुरेसे महिनेच उरले नाहीत. तो आता वडिलांच्या दुकानात बसतो. शाळा कुठला व्हिसा देते, हे ऑफर लेटरवर लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

तास वाढवायचा आणखी एक मार्ग तिथे मिळाला, तो मी नाशिकची असल्यामुळे मला लगेच उमगला. अवकाळी पावसाने द्राक्षमणी तडकतात, तशा पिकायला आलेल्या चेरी पाऊस साचून फुटतात. म्हणून ऑरेगॉन-वॉशिंग्टनमधले बागायतदार हंगामात हेलिकॉप्टर भाड्याने घेतात. पाऊस थांबला की झाडांच्या शेंड्यांवरून सावकाश उडायचं आणि पंख्याच्या वाऱ्याने पाणी झटकायचं. उडालं तर तासाचे पैसे, नाहीतर नुसतं थांबण्याचे. कमी तासांच्या पायलटला हे काम मिळतं, कारण मुरलेला पायलट ते घेत नाही. इतक्या कमी उंचीवर आणि कमी वेगात इंजिन गेलं तर सुखरूप उतरायला वाव नसतो, आणि बागांमधून विजेच्या तारा गेलेल्या असतात. मी एक हंगाम केला. आधी मालकाबरोबर पायी फिरून प्रत्येक तार कागदावर काढून घेतली, मगच उडाले. तो कागद द्यायला जो मालक कंटाळा करेल त्याचं काम घेऊ नका.

शाळेत सारखी निघणारी एक गोष्ट म्हणजे सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्सची. नेवाडातली ही शाळांची मोठी साखळी फेब्रुवारी २००८मध्ये अचानक बंद पडली. विद्यार्थ्यांनी सत्तर हजार डॉलरच्या आसपास कर्ज काढून फी आगाऊ भरली होती. तास मिळाले नाहीत, कर्ज मात्र राहिलं. तेव्हापासून शहाणे लोक तासागणिक किंवा टप्प्याटप्प्याने पैसे भरतात. एकरकमी भरल्यास दहा टक्के सूट, असं कुणी म्हणालं तर त्या सुटीचा मोह सोडा.

एफ-१वरचं कामाचं वर्ष संपलं, मी परत आले. हजारापासून बरीच दूर होते, पण दीडशेवालीही राहिले नव्हते. आपल्याकडचं चित्र मात्र पार निराळं निघालं. अख्ख्या भारतात नागरी हेलिकॉप्टर्स अडीचशेच्या घरात. विमानकंपन्यांची भरती पेपरात वाचून लोक हुरळतात. ती विमानांची असते, तिचा आपल्या लायसन्सशी संबंध नाही. जी थोडी पदं आहेत तिथे समोर उभे असतात लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी, हजारो तासांचे, सियाचीन-लडाखमध्ये उडालेले. आमच्या नाशिकरोडलाच लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण केंद्र आहे. लहानपणी गच्चीवरून ज्या चीता-चेतकांना मी हात हलवायची, त्यांतलेच कुणी कर्नलसाहेब मुलाखतीला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेले असणार, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

लायसन्सचं भारतीय रूपांतर करायला हवाई नियमांचा पेपर, कंपोझिट म्हणजे नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्रित पेपर, रेडिओची आरटीआर परीक्षा, क्लास १ मेडिकल, सगळं करावं लागतं. त्यात महिने जातात आणि त्या काळात हाताची सवय जाते. मेडिकल तर परदेशी जाण्याआधीच उरका. रंगांधळेपण किंवा तसलं काही निघायचं असेल तर ते फी भरण्याआधी निघू दे.

याच काळात दिल्लीहून एक फोन आला. अमुक लाख भरा, टर्बाइन हेलिकॉप्टरचं टाइप रेटिंग आणि वर नोकरी. लाखांचा आकडा ऐकून वडील पुन्हा पतपेढीकडे निघाले होते. मी डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या नागरी हवाई नियामकाच्या, वेबसाइटवर गेले. तिथे नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे ठरावीक वेळापत्रकाशिवाय उडणाऱ्या, परवानाधारकांची यादी असते, कुणाकडे कुठल्या जातीची किती विमानं-हेलिकॉप्टर्स आहेत त्यासकट. या गृहस्थांनी ज्या कंपनीचं नाव घेतलं, तिच्याकडे त्या जातीचं एकही हेलिकॉप्टर नव्हतं. टाइप रेटिंग म्हणजे ठरावीक जातीचं हेलिकॉप्टर उडवण्याची मुभा; ते हेलिकॉप्टर ज्याच्याकडे आहे त्यानेच नोकरी द्यायची असते. कंपनी स्वतः रेटिंग करून देऊन दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेत असेल तर तो सौदा मी रास्त मानते. नोकरीसाठी रोख मागणाऱ्याला नकार द्या.

मला नोकरी मिळाली ती जमिनीवरची. जुहूला एका कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये: प्रवाशांच्या वजनांची यादी, इंधनाचा हिशोब, हवामान, परवानग्यांचे कागद. पगार फ्लाइंग स्कूलच्या शिपायाइतका. नातेवाईक म्हणाले, एवढे पैसे घालून पोरगी कारकुनी करते. पण आपल्याकडे कमी तासांच्या पायलटला जागा आहे ती दोन पायलट लागणाऱ्या दुहेरी इंजिनाच्या हेलिकॉप्टरमध्ये, डाव्या खुर्चीवर: मुंबई हायच्या तेलफलाटांवर जाणारी आणि निवडणुकीत पुढाऱ्यांना फिरवणारी. ती हेलिकॉप्टर्स जिथे उभी राहतात तिथे रोज दिसणं भाग होतं. मेडिकल चालू ठेवलं, समुद्रावरच्या कामाला लागणारं ह्यूएट, म्हणजे पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण, करून ठेवलं. एका को-पायलटने अचानक नोकरी सोडली, तेव्हा ज्यांच्या टेबलावर माझी फाइल होती ते माझ्याच हातच्या मॅनिफेस्टवर, म्हणजे प्रवाशांच्या यादीवर, रोज सही करत होते. टाइप रेटिंग कंपनीने केलं. बाँड अजून चालू आहे.

केदारनाथच्या हंगामी कामाबद्दल मुलं फार विचारतात. ते एका इंजिनाचं, एकट्या पायलटचं, अरुंद दरीतलं आणि दिवसातून अनेक फेऱ्यांचं उड्डाण आहे. १५ जून २०२५ला गौरीकुंडजवळ खराब हवेत हेलिकॉप्टर कोसळून सातजण गेले. पायलट लष्करातला मुरलेला अधिकारी होता. कमी तासांत तिथे कुणी बोलावलं तर त्या बोलावण्याचीच शंका घ्या.

आणि लॉगबुकात न उडालेले तास लिहू नका. हेलिकॉप्टरच्या मालकाकडच्या टेक-लॉगशी, म्हणजे तांत्रिक नोंदवहीशी, कंपन्या ते ताडून बघतात, आणि हा धंदा इतका छोटा आहे की एका हँगरमधली गोष्ट संध्याकाळपर्यंत दुसऱ्यात पोचते.

पालकांनो, चेक लिहिण्याआधी त्या शाळेतून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या तीन भारतीय विद्यार्थ्यांचे फोन नंबर मागा. त्यांना लायसन्सचं विचारू नका. आज किती तास झाले आणि पगार कोण देतं, ते विचारा. शाळेने नंबर दिले नाहीत, तर तिथे पैसे भरू नका.